तेरा नंबरचा हात

२ जून
निर्णय पक्का. यापुढे तेरा नंबर.

रॉलीच्या दुकानात गेलो होतो. पुढे गळ आणि गांडुळं, मागच्या भिंतीवर डिस्क गोल्फच्या डिस्क, त्याच त्या, लांबून फेकत फेकत बास्केटात घालायच्या. मी तेरा मागितल्यावर त्याने नेहमीचं पुराण लावलं. म्हणे, डिस्कवरचा आकडा म्हणजे तुझ्या हातात किती वेग हवा त्याचा आकडा. तेराला ताशी साठ मैलांच्या वरची फेक लागते. तेवढी नसली की ती तरंगत नाही, डावीकडे मान टाकते आणि खाली बसते. तुझ्या हाताला सात बरी. वर म्हणाला, लेका, ट्रॅक्टरला पंख लावले म्हणून तो उडत नसतो.

दोन तेरा घेतल्या. एक नारिंगी, एक पांढरी.

घरी येऊन दोन्हींच्या पाठीवर नाव आणि फोन नंबर लिहिला. हरवलेली सापडली तर मालकाला फोन करायचा, हा आमच्या खेळाचा धर्म. नंबर बायकोचा, नोरीनचा लिहिला. वीस वर्षं तिचाच असतो, कारण लोकांच्या घरी कार्पेटचं माप घेताना मी फोन उचलत नाही. ती सध्या बहिणीकडे आहे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये.

५ जून, संध्याकाळी
सहाव्या बास्केटच्या वाटेत तळं आहे. जाणकार माणूस तळ्यावरून फेकतो, बाकीचे काठाकाठाने जातात. मी तळ्यावरून फेकली. नारिंगी. उत्तम सुटली. मध्यावर वारा आला.

रॉली म्हणाला, झाडाचं पान तरी हललं का रे? वर वेगळा वारा असतो, हे त्याला समजावण्यात अर्थ नाही.

८ जून
नोरीनचा फोन. नारिंगी सापडली. मिसेस लुंडना.

मिसेस लुंड चौथीत आम्हाला शिकवायच्या. आता छातीपर्यंत रबरी विजार चढवून लांब दाताळ्याने तळ्याचा गाळ ओढतात आणि निघालेल्या प्रत्येक डिस्कच्या मालकाला फोन करतात. नोरीन म्हणाली, बाईंकडून घेऊन जा. मग विचारलं, जेवतोस ना? हो म्हणालो. काय? म्हणाली. मला एकदम आठवेना. सूप म्हणालो.

एकूण चार मिनिटं बोललो. बहिणीचा गुडघा कसा आहे विचारायचं राहिलं.

१४ जून
पांढरी गेली. डावीकडे.

संकल्प: १) रोज सकाळी दाराच्या कडीला रबर बांधून तीस वेळा ओढणे. २) कंबर. ३) बिअर फक्त शुक्रवारी, तळलेल्या माशांबरोबर.

१५ जून
कडी निघाली. संकल्प दोन आणि तीन चालू.

१७ जून
नोरीनचा फोन. पांढरी सापडली. म्हणाली, मिसेस लुंड म्हणतात तू पूर्वी बरा फेकायचास. मी म्हणालो, हे संक्रमण आहे. वेगवान डिस्क अंगवळणी पडायला एक मोसम जातो. ती म्हणाली, बरं. मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं. टीव्हीतलं असावं.

२५ जून
रॉलीने हायस्कूलच्या बेसबॉल कोचकडून वेग मोजायची बंदूक आणली. सगळ्यांनी फेकून पाहिलं. मला चव्वेचाळीस दाखवले.

बंदूक चेंडूसाठी बनवलेली असते. चेंडू गोल, डिस्क चपटी. यंत्राला ती नीट दिसत नसणार. शिवाय बॅटरी. रॉली म्हणाला, बॅटरी आज सकाळी घातली, राजा, पावती दाखवू? पुन्हा फेकली. बेचाळीस. उतरती बॅटरी, माझं म्हणणं सिद्धच झालं.

माझ्या अंदाजाने अठ्ठावन्न ते एकसष्ट. मी धंद्यानेच मोजमाप करणारा माणूस आहे.

४ जुलै
सुट्टी. सॉसेज भाजले. चार आणले होते, दोन उरले. आतषबाजी घरातून ऐकू आली.

घर शांत आहे. फ्रिज मधूनमधून बंद पडतो, तेव्हा आणखी शांत होतं. त्याचं काही वाटत नाही. मुळात काहीच फारसं वाटत नाही, हे एका अर्थी सोयीचं आहे. फेकताना मन स्थिर लागतं.

९ जुलै
विचित्र प्रकार. तळ्यावर पाठीमागून जोराचा वारा होता. नारिंगी फेकली आणि ती पार गेली. पलीकडच्या काठावर, चिखलात, पण पार. रॉलीने टोपी काढली. म्हणाला, चल, बिअर माझ्याकडून. मी म्हणालो, आज शुक्रवार नाही.

१३ जुलै
फोन आला नाही. साहजिकच आहे, काही हरवलंच नाही.

१४ जुलै
वारा नसताना पुन्हा फेकून पाहिली. केवळ खात्रीसाठी. एक यश म्हणजे योगायोग, विज्ञानाला दुसरा प्रयोग लागतो. नारिंगी गेली. पांढरीवरही प्रयोग केला. तीही गेली.

१६ जुलै
नोरीनचा फोन. दोन्ही सापडल्या. अकरा मिनिटं! त्यातली बरीचशी मिसेस लुंडबद्दल. त्यांचं आता चांगलं जमलंय म्हणे, डिस्कपुरतं नाही, असंही बोलतात. बाईंनी तिला रूबार्बच्या आंबट देठांचं लोणचं दिलं.

मी म्हणालो, दोन्ही घ्यायला जाईन. ती म्हणाली, राहू दे, मीच बाईंकडून घेते, मला तिकडे यायचंच असतं. इकडे यायचंच असतं! हे मी तिच्या शब्दांत नोंदवून ठेवतो.

१८ जुलै
रॉलीकडून आणखी तीन तेरा. शिवाय एक चौदा. चौदा तो विकायला तयार नव्हता. म्हणाला, ही मी शोभेला टांगलीय, तू तळ्याला खाऊ घालायला नेतोस. तळ्यात तुझा मासा अडकलाय का रे? मी हसलो. दुकानदाराशी वाद घालू नये.

चारींवर नोरीनचा नंबर. सवय. दोन-दोन नंबर लक्षात कशाला ठेवायचे.

२९ जुलै
किराणा दुकानाबाहेर नोरीनची बहीण दिसली. सायकलवर. चढावर.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असणार. गुडघ्यांना सायकल उत्तम, असं कुठेतरी वाचलंय.

६ ऑगस्ट
सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी जोडीस्पर्धा. मी आणि नोरीन दरवर्षी खेळतो. मी लांब फेकतो, ती जवळून घालते. आमच्या दोघांची नावं नोंदवून टाकली. आश्चर्य म्हणून. त्या दिवशी सहाव्याला, तिच्यासमोर, तेरा नंबर तळ्यापलीकडे. मग काही बोलावं लागणार नाही. खेळ संपला की ती माझ्या गाडीतच बसेल, घरी यायला.

गाडी आतून धुतली.

१२ ऑगस्ट
नोरीनचा फोन. मला वाटलं काल बुडालेल्या हिरव्या तेराबद्दल. ती म्हणाली, हिरवी सापडलीय, पण गार्लंड, तू माझं नाव का दिलंस? मी म्हणालो, दरवर्षी देतो. ती म्हणाली, मी या वर्षी मिसेस लुंडबरोबर खेळतेय, आधीच सांगितलंय त्यांना.

म्हाताऱ्या बाईला मदत. स्वभावच तो तिचा. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. ओटा पुसला.

ती जोडी, मी आणि रॉली ही जोडी. उलट बरंच आहे: समोरून बघेल.

२८ ऑगस्ट
सराव. सहावं बास्केट, सहा फेकी. सहा डावीकडे. हात गरम व्हायला वेळ लागतो. रॉली म्हणाला, सोमवारी देवाच्या दयेने सात घेऊन ये. त्याने स्वतःची हिरवी सात माझ्या पिशवीत कोंबली. मी ती काढून डिकीत ठेवली.

स्पर्धेचा सोमवार, दुपारी
सहाव्यापाशी गर्दी. नोरीनची जोडी आमच्या पुढे होती. तिने केस कापलेत. शोभतात. तिने जुनी निळी डिस्क काढली, आकडा सहा, आणि नेहमीसारखी, जेवणाच्या टेबलावर ताट सरकवावं तशी फेकली. निळी सरळ गेली, तळं ओलांडलं, गवतात बसली. मिसेस लुंडनी टाळ्या वाजवल्या. नोरीन हसली. टीव्हीतल्यासारखीच.

मग आम्ही. तिला थांबायला सांगितलं. थांबली. नवी कोरी तेरा. चार पावलं पळत येऊन सर्व शक्तीने. पलीकडच्या काठापासून दोन-तीन हातांवर बुडाली.

वाऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा.

खेळ संपल्यावर नोरीन माझ्या गाडीपाशी आली. मी तिच्या बाजूचं दार उघडलं. तिने सीटवर एक कापडी पिशवी ठेवली. जड होती. आजवर सापडलेल्या सगळ्या होत्या: नारिंगी, पांढरी, हिरवी, चौदा, सगळ्या. म्हणाली, नंबर मी बदललाय. मी विचारलं, फोनचा? ती म्हणाली, नाही, यांच्यावरचा. मग म्हणाली, बाई तुझ्यासाठी गाळात उतरतात, गार्लंड, त्यांचं वय बघ. एवढं बोलायचं होतं तर नुसता फोन करायचा होतास ना. मी म्हणालो, कशाबद्दल बोलायचं? तिने माझ्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाली, आता नको, आणि बाहेरून दार लावलं. हळू, आदळलं नाही.

त्याच दिवशी, घरी
पिशवी उघडली. स्पिरिटने जुना नंबर पुसलाय, खाली नवा लिहिलाय. अक्षर तिचंच, सातला मध्ये आडवी रेघ देते तसं. नंबर माझा. मला तो पाठ नाही. फोनमध्ये शोधून ताडून पाहिला. बरोबर होता.

१९ सप्टेंबर
मिसेस लुंडचा फोन. स्पर्धेतली तेरा सापडली. तिच्यावर अजून जुनाच नंबर होता, पण बाई म्हणाल्या, नोरीनने मला आता थेट तुलाच करायला सांगितलंय, बाळा. माझा नंबर त्यांच्याकडे होता. मी म्हणालो, आभारी आहे. त्या म्हणाल्या, पाणी आता थंड पडायला लागलंय. मी म्हणालो, हो.

दीड मिनिट.

३ ऑक्टोबर
सगळ्या तेरा आणि चौदा रॉलीला परत नेऊन दिल्या. रॉलीने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, घरी ये रविवारी, बायको हॅम करतेय. बघतो म्हणालो.

१२ ऑक्टोबर, सकाळी
मैदानावर कुणी नव्हतं, फक्त मिसेस लुंड काठावरची पानं ओढत होत्या. डिकीतून रॉलीची सात काढली. तिच्यावर मी कालच माझं नाव आणि माझा नंबर लिहिला होता. जोर लावला नाही. जोर नव्हताच. सरळ गेली, तळ्याच्या बरोब्बर मध्यावरून, जराशी तरंगली आणि पलीकडे बास्केटजवळ टेकली.

मिसेस लुंड चौथीतल्या आवाजात म्हणाल्या, शाब्बास, गार्लंड.

काठाने चालत गेलो. डिस्क जिथे दिसत होती तिथेच होती. उचलली. घरी आलो.

संध्याकाळी
फोनचा आवाज चालू आहे का ते पाहिलं. चालू होता.