दारातली वाळू

मी, सहादू मंगळू पगारे, वय वर्षे ४५, सैन्यातून निवृत्त हवालदार, राहणार जेलरोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, कोणाचे दडपण नाही, आणि कोणाचा चहाही मी आज सकाळपासून घेतलेला नाही. मंगळवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. कारण नसताना ते तीनदा तसे का म्हणाले, हे मला कळले नाही, म्हणून घाई करतो.

वकिलांनी टाइप करून दिलेला मसुदा मी वापरलेला नाही. त्यात दोन परिच्छेदांमध्ये एक अख्खा वारस मावेल एवढी कोरी जागा सोडली होती. या कागदावर जिथे जागा उरली तिथे मी रेघ मारली आहे. पाने एकूण पाच. सहावे निघाले तर ते माझे नाही.

कलम १. माझी पत्नी लताबाई १९८४ साली वारली. आम्हांला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ धोंडीराम ओझरच्या कारखान्यात कायम नोकरीवर आहे, त्याचे स्वतःचे घर आहे. मी आजारी पडल्यावर तो पहिल्याच दिवशी भेटायला आला आणि दुसऱ्या वाक्यात त्याने विचारले, "दादा, घराचे कागद कुठं ठेवतो तू?" पहिले वाक्य "कसं वाटतंय" असे होते, हेही लिहून ठेवतो. उगाच अन्याय नको.

धोंडीरामला माझी सायकल आणि मनगटी घड्याळ द्यावे. त्याची पत्नी सुमनबाई हिला लताबाईची शिवणयंत्राची पेटी द्यावी. लताबाईच्या शेवटच्या आजारात मी सीमेवर होतो, तेव्हा सुमनबाईने तिला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. ते मी विसरलेलो नाही. मी बाकीचेही विसरलेलो नाही, पण ते इथे लिहीत नाही.

कलम २. माझी लोखंडी पेटी शेजारच्या सुलाबाई अहिरे यांच्याकडे किल्लीसह असते. या बाई शाळेत शिक्षिका आहेत. गावाला जाताना मी पेटीच्या कडीला काळा दोरा बांधून जात असे. तीन वेळा तो तुटलेला आढळला. आत पाहिले तर माझ्या वर्दीला कसर लागू नये म्हणून त्यांनी कडुलिंबाचा पाला ठेवला होता. काही गेले नव्हते. तरी पाला ठेवायला पेटी उघडावी लागते, हे मी त्यांना आज समोरासमोर सांगितले. त्या म्हणाल्या, "पगारे, दोरा मीच तोडला, आणि दर वेळी नवा बांधायचा कंटाळा केला. आता लिहा ते कागदावर." लिहिले.

वर्दी आणि पदके त्यांच्या शाळेला द्यावीत.

कलम ३. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. बुद्धवंदना घ्यावी, भाषणे नकोत. मी गेल्यावर माझ्याविषयी कोण चांगले बोलते यावर माझा भरवसा नाही. उरलेली रक्कम कलम ४ मधील व्यक्तीस जाईल.

कलम ४. जेलरोड येथील दोन खोल्यांचे घर, मोरी, मागील अंगण व अंगणातील शेवग्यासह, माझ्या मालकीचे व स्वकष्टार्जित आहे. ते मी सिंधुबाई वाल्मीक देवरे, राहणार नामपूर, तालुका बागलाण, यांस देत आहे. धोंडीरामचा किंवा इतर कोणाचाही त्यावर हक्क राहणार नाही.

ही बाई माझी कोण, असे धोंडीराम विचारील. विचारले आहेच. परक्या जातीची, परक्या गावची विधवा, आणि दादा तिला घर देतो म्हणजे काय ते समजा, असे तो चहाच्या टपरीवर बोलला. ते मला कोणी सांगितले हे मी सांगणार नाही. तसले काही नाही. खरे आहे ते त्याहून वाईट आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही.

माझी नोकरी यांत्रिक पायदळात झाली. आमची गाडी रशियन बनावटीची, बीएमपी. पट्ट्यांवर चालते, पाण्यात तरंगते, वर तोफ. पुढे डाव्या हाताला चालक, त्याच्यामागे गाडीचा प्रमुख, म्हणजे मी, बुरुजात तोफेवर एक जण, आणि मागच्या पोटात आठ जवान पाठीला पाठ लावून. या गाडीची एक खोड अशी की मागची दोन दारे पोकळ आहेत आणि त्या पोकळीत डिझेल भरतात. ज्या दारातून जीव वाचवायला बाहेर पडायचे ते दारच तेलाची टाकी. म्हणून लढाईवर जाताना दारे रिकामी करून त्यांत वाळू भरायची. मग तेच दार ढालीसारखे होते.

माझा चालक पुंजा भोये, सुरगाण्याकडचा. १९८५ साली तळ्यावर पोहण्याचा सराव होता, गाडीच्या पोहण्याचा. पाण्यात उतरण्याआधी गाडीच्या तळाची बुचे बंद करावी लागतात. पुंजा म्हणाला, "सगळी लावली, हवालदार." तळ्याच्या मध्यावर पाणी गुडघ्यापर्यंत आले. एक बूच सैल होते. कोणी बुडाले नाही, पंपाने पाणी उपसत काठाला लागलो. पण मी तक्रार लिहून दिली आणि पुंजाची बढती अडली. त्या दिवसापासून तो "लावली" म्हणाला की मी हात घालून पाहत असे, आणि तो पाहत असे की मी पाहतो आहे.

ऑक्टोबर १९८७ मध्ये आम्ही श्रीलंकेत जाफन्याच्या वाटेवर होतो. निघायच्या आधी पुंजाला सांगितले, दारे रिकामी कर, वाळू भर. तासाभराने तो आला.

"वाळू भरली हाय, हवालदार. दोनी दारात."

मी पान्ह्याने दार ठोकले. भद्द आवाज आला. रिकामे असते तर खणखणले असते, पण डिझेल भरलेले असले तरी आवाज भद्दच येतो. जवळ नाक नेले. डिझेलचा वास. वर्षानुवर्षे डिझेल भरलेल्या टाकीला वास राहणारच, हे मला कळत नव्हते असे नाही. पण मी मनात म्हटले, याने आळस केला. हा पुढे बसणार, याच्या डोक्यावर बाहेर पडायला याचे स्वतःचे झाकण. पेट घेतला तर हा उडी मारील आणि जळतील ते मागचे आठ.

"नक्की?" मी विचारले.

"तुमचा इस्वास नाय तर कशाला इचारता?" पुंजा म्हणाला.

टाकीचे झाकण खोलायला दोन मिनिटे लागली असती. पुढच्या गाड्या हलल्या होत्या. मी आठही जणांना हुकूम दिला की आत बसायचे नाही, वर बसा. सुरुंगाच्या भीतीने त्या वाटेवर पुष्कळ गाड्यांवर जवान असे वरच बसत, म्हणून कोणाला नवल वाटले नाही आणि पुढे चौकशीतही कोणी विचारले नाही. पण मी सुरुंगासाठी वर बसवले नव्हते. पुंजावरच्या संशयासाठी बसवले होते.

वाल्मीक देवरे सात वर्षे माझ्या गाडीत होता. त्याची जागा आत, डाव्या दाराला लागून. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, मी आतच बरा." मी म्हणालो, हुकूम आहे. तो वर, डाव्या मागच्या कोपऱ्यावर बसला.

दोन मैलांवर ताडाच्या बनातून गोळ्या आल्या. तोफ फिरवून आम्ही बन झोडपले आणि गाडी पुढे काढली. फुटलेल्या गोळीचा एक तुकडा माझ्या छातीत गेला, तो अजून आहे. वाल्मीक जागीच गेला. गाडी थांबल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याकडे नाही, दाराकडे गेलो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. डाव्या दारावर गोळ्यांच्या दोन खुणा होत्या, आरपार काही गेले नव्हते. झाकण खोलले. आत वाळू होती, पांढरी, समुद्राकाठची, गळ्यापर्यंत ठासून भरलेली. उजव्या दारातही तशीच. वाल्मीक त्याच्या जागेवर बसला असता तर त्याला ओरखडाही आला नसता.

पुंजा शेजारी उभा होता. मी त्याला काही बोललो नाही. आज सकाळपर्यंत, दीड वर्ष, त्याविषयी बोललो नव्हतो.

कलम ५. निवृत्तीनंतर मी नामपूरला गेलो. सिंधुबाईंनी मला वाल्मीकच्या ताटात जेवायला वाढले. मग वाल्मीकचे शेवटचे पत्र पुढे ठेवून विचारले, "भाऊ, त्या मझारच बठेल व्हतात ना? चिठ्ठीमा लिखेल शे, गाडी लोखंडनी शे, मझार गोळी येस नही." आत बसला होता ना, एवढेच तिला हवे होते.

मी खोटे बोललो. म्हणालो, वाल्मीकला आत उकडत होते, नको म्हणत असताना तो स्वतःच वर बसला.

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "त्यासना हट्टच तसा व्हता." आणि मला आणखी भाकरी वाढली. मी ती खाल्ली. तेव्हापासून ती बाई आपल्या मेलेल्या नवऱ्याला दोष देते आहे. त्याने फक्त माझा हुकूम पाळला होता.

म्हणून घर देण्याची अट अशी: घराची किल्ली हातात देण्यापूर्वी कलम ४ आणि ५ त्यांना मोठ्याने, एक शब्द न गाळता वाचून दाखवावे. त्यानंतर त्यांनी घर घेतले तर त्यांचे. नाकारले तर तो त्यांचा हक्क आहे, कोणी समजूत घालू नये. मग घर विकून पैसे सुलाबाईंच्या शाळेला द्यावेत. धोंडीराम, तरीही तुला नाही.

मी जगलो तर स्वतः जाऊन सांगेन. असे मी मागच्या दिवाळीतही ठरवले होते, म्हणून माझ्या या शब्दावर कोणी विसंबू नये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुंजा भोये याने करावी. तो सुट्टीवर आहे, पत्र लिहून बोलावले म्हणून काल आला. येताना नागलीचे पापड आणले. पहिला पापड मी त्यालाच खायला लावला. सवय जात नाही. तो हसला आणि त्याने खाल्ला.

माझ्याकडे औषधाच्या बाटलीत त्या दारातली मूठभर वाळू आहे. सुमनबाईला ती रामेश्वरची वाटते आणि ती येता-जाता नमस्कार करते. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, म्हणून बाटली मृत्युपत्रात न देता आज सकाळीच पुंजाच्या हातात दिली आणि जे दीड वर्षात बोललो नाही ते बोललो. तो काय म्हणाला ते त्याचे त्याने सांगावे.

हे कागद आणि घराची किल्ली मी त्याच्याकडे ठेवतो आहे. पाकिटाला दोरा बांधलेला नाही, लाख लावलेली नाही. नक्कल काढलेली नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

ठिकाण: नाशिकरोड
रविवार, दि. १२ फेब्रुवारी १९८९

(सही) सहादू मंगळू पगारे

साक्षीदार १: सहादू पगारे यांनी आमच्यादेखत सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते, जरा जास्तच.
(सही) सुलाबाई काशिनाथ अहिरे, शिक्षिका, जेलरोड

साक्षीदार २: माझ्यादेखत सही केली. मला एक लिहायचे आहे, हवालदारांनी परवानगी दिली. त्या दिवशी पान्हा त्यांच्या हातात होता तसा माझ्याही हातात होता. ते दार ठोकत होते तेव्हा मी झाकण खोलून वाळू दाखवू शकलो असतो. मला राग आला होता, म्हणून दाखवली नाही. वाल्मीक वर चढताना मी बघत होतो. नामपूरला वाचीन तेव्हा हेपण वाचीन.
(सही) पुंजा भोये, सुरगाणा