दुबळ्यांना लोळवणाऱ्यांचा मान

शनि. ७ सप्टें. ८५
नातीचं कॉलेज अमेरिकन फुटबॉलची पहिलीच मॅच हरलं. टीव्हीवर कॉलेजच्या बँडात आमच्या रेवीचा ढोल दिसला, तोही अर्धाच. माझा लेक सतीश सोफ्यावर असा पडला, जसं मैदानात त्यालाच आपटलंय. समोरचे देशात दुसरे की तिसरे. कॉलेजनं आपणहून मागून घेतली म्हणे ही मॅच. छाती लागते त्याला.
लगेच दातार डॉक्टरांचा फोन. त्यांच्या पोराचं कॉलेज धो धो जिंकलं. कुणाशी म्हणून विचारलं, तर नाव आठवेना.

शनि. २१ सप्टें.
रेवीचे पुन्हा हरले. पुन्हा तगड्यांशीच, तेही थोडक्यात. दातारांकडं गणपतीची आरती. त्यांचे परत जिंकलेले. म्हणलं, डॉक्टर, पुढच्या शनिवारी बालवाडी आहे का? सगळे हसले. ते म्हणाले, "मावशी, विन इज अ विन."
सतीशनं डोळे वटारले. मोदक बरे होते.

शनि. १२ ऑक्टो.
राग जात नाही. आमचे त्यानंतर एकदाही हरले नाहीत, तरी पेपरात पहिल्या विसांत दातारांचेच. सतीश म्हणतो, मॅच कुणाशी ते कॉलेजंच ठरवतात, दुबळ्यांना पैसे देऊन बोलावतात. म्हणजे हरायला! आमच्या जत्रेत कुस्तीची जोड पंच लावायचे. मामंजी पंच होते. पैलवान स्वतःच जोड निवडायला लागला असता तर फडातून हाकलला असता. हे असते तर पेपर चुलीत घातला असता. इथं चूल पण नाही.

शनि. ९ नोव्हें.
रेवीचं शेवटचं वर्ष. न्यू इयरच्या मोठ्या मॅचचं बोलावणं आलं तर टीमबरोबर बँडही फ्लोरिडाला. नाही आलं तर ढोल कॉलेजला परत, संपलं. एकच जागा उरलीय. आमचे नाही तर दातारांचे.

शनि. १६ नोव्हें.
रेवीच्या कॉलेजात गेलो. लुगड्यावर सतीशचा कोट. बोलावणी देणाऱ्यांचा माणूस आलेला, पिवळ्या कोटात, हॉटडॉग खात. त्याला मराठीत चांगलं सुनावलं. सतीशला म्हणलं, सांग त्याला. सतीश सांगतोय, "शी सेज वेलकम."
एवढं इंग्रजी कळतं मला. मग मीच म्हणलं, "मिस्टर, दे प्ले बेबी. वुई प्ले बेबीज फादर."
हसला. मग म्हणाला, पण त्यांच्या विन्स जास्त आहेत, मॅम. नुसतं मोजतात मेले. कुणाला हरवलं ते बघायला नको?
जिंकलो. बोटं गारठली.

शुक्र. २२ नोव्हें.
बोलावणं कुणाला ते उद्या सांगणार. रेवीचा फोन. ढोल अजून परत दिला नाही, रूमवरच ठेवलाय. मग हळूच म्हणाली, "आज्जी, कोच म्हणतो, नेक्स्ट इयर वुई स्टार्ट विथ इझी टीम्स."
बोलावणं येवो न येवो, ते पक्कं झालंय म्हणे.
फोन सतीशच्या हातात कोंबला. आतून आवाज, "आज्जी, यू देअर?"
सतीशला बजावलंय, दातारांना कळता कामा नये. उद्या बोलावणं आलंच तर मिल्क पावडरचे पेढे करीन. रेवीला डबा भरून देईन. त्या कोचला एक द्यायचा नाही.