शेवटचा ट्रे

९ ऑक्टोबर २०२३
दसऱ्यापासून आपल्या कारखान्यात इलेक्ट्रिक स्कूटरची वायरिंग. नवी लाइन, नवी अट — तपासणीच्या टेबलावर दोनच माणसं. आज आम्ही तिघी: मी, वहिदा, जैतुनबी. एकीनं उठायचं, म्हणजे कामच सोडायचं; कोणी, ते तपासणीची प्रमुख म्हणून मी ठरवायचं. जुनी ओळख वगैरे काही नाही. काम बघून माणूस निवडायचं.
सुपरवायझर पुंजाराम म्हणाला, "म्याडम, जैतुनबी लई मागं पडली. समद्यांच्या शेवटी टेबलावरनं उठती." खरं आहे. वहिदाचा हात भरभर चालतो.

१० ऑक्टोबर
सारखं १९८८ आठवतंय. चितेगावात पत्र्याची शेड, पंखा एकच. कामाला आलेल्या दहा बायकांना मी मुद्दाम तारांची चुकीची जुडी दिली होती — पांढऱ्या तारेच्या जागी पिवळी. नऊ जणींनी मुकाट्यानं पुढं सरकवली. जैतुनबीनं माझ्यासमोर आपटली. "ये नै चलती, बाई!" तिथंच निवडली! संध्याकाळी मालाच्या टेम्पोत बसून दोघी शहरात यायचो. पैठण रोडभर ती माझ्याच चुका काढायची. किती हसायचो!
आणि आता तिलाच सांगायचं — घरी बस.

११ ऑक्टोबर
सांगितलं नाही. उद्या.

१२ ऑक्टोबर
संध्याकाळी चष्म्याचं घर विसरले म्हणून परत फिरले. टेबलावर जैतुनबी एकटी. पुढ्यात माझा ट्रे! माझा शिक्का पडलेल्या जुड्या एकेक करून पुन्हा तपासत होती. तीन बाजूला काढलेल्या.
"हे काय चाललंय?"
दचकली. मग हळूच, "पिवळी-पांढरी उलट लगी, बाई."
जुडी खिडकीशी नेली. चष्मा पुसला. दोन्ही तारा मला सारख्याच दिसल्या — पिवळट.
"कधीपासून करतेस?"
"रमजान ईद से."
सहा महिने! रोज स्वतःचं काम संपवून माझं! म्हणून ती शेवटी उठायची. आणि मी तिला मंद ठरवून मोकळी.
रागावलेच. "तोंड नव्हतं का तुला? पहिल्या दिवशी तर आपटली होतीस!"
"तब बोली तो मेरेकू काम मिला," ती म्हणाली. "अब बोलती तो तुम्हारा जाता."

१३ ऑक्टोबर
यादी पुंजारामच्या हातात दिली. त्यानं दोनदा वाचली. "म्याडम, टेबलावरून उठणाऱ्यात चुकून तुमचं नाव पडलंय."
चुकून नाही, म्हटलं. शंका असेल तर जैतुनबीकडून तपासून घे.