वज्रकेतूची शिवाजी पेठेतली कुस्ती

२६ नोव्हें. २००६, रवि.
तालमीचे वस्ताद सकाळीच घरी. वर्धापनदिनाला वज्रकेतू येणार म्हणे. टीव्हीवरचा. मालिका बंद पडून किती वर्षं झाली, पण त्या नटाला स्वतःचं वेगळं नाव आहे हे पेठेत अजून कुणाला मान्य नाही.
धाकटा भाऊ बाळू ऐकून जेवलाच नाही. शाळेत असताना दर रविवारी टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा, मालिका संपली की थेट तालमीत. त्या नटापायी पैलवान झाला. पुढं एका कुस्तीत गुडघा गेला. पाठ टेकली असती तर वाचला असता. टेकली नाही. आता शिरोलीला फौंड्रीत साचे भरतो.

३० नोव्हें.
ठरलं. रीत नेहमीचीच: पाहुण्यानं चप्पल काढून कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरायचं, माती कपाळाला लावायची, एका पैलवानानं सलामी द्यायची. हातात हात, सोडायचं, संपलं. तो पैलवान बाळू.
सुमन म्हणाली, "आणि गुडघा?"
"वैनी, सलामीच हाय की. कुस्ती न्हाय."
मी म्हटलं, पन्नाशीचा झालाय तो, त्याचं पोट त्याच्याआधी हौदात उतरेल. बाळू नुसता हसला. आजारी माणसाकडं बघून हसतात तसा.

६ डिसें.
फौंड्रीतून सुटला की हा तालमीत. माती उकरतोय, चाळतोय, तेल-हळद-लिंबू-ताक घालतोय. आमच्या घरचं ताक रोज वज्रकेतूच्या पायाखाली चाललंय. पेपरातल्या माझ्या सदराला आयता विषय. लिहायला बसलो, दोन ओळींत थांबलो.

१० डिसें., रवि.
झालं एकदाचं.
केस काळेभोर, मान सुरकुतलेली. बुटांसकट हौदात निघाला होता, वस्तादांनी अडवलं. कपाळाला माती नको म्हणाला. स्किनचा प्रॉब्लेम.
बाळूनं लंगोट कसला होता, गुडघा गेल्यापासून पहिल्यांदा. वाकून माती कपाळाला लावली, हात पुढं केला. पाहुण्यानं हात धरला, तोंड फोटोवाल्याकडं, दुसरा हात बाळूच्या मानेवर. मालिकेत एवढं केलं की राक्षस उडत जायचे. मी काठावरच होतो, ऐकलं.
"गिरो ना भाई. फोटो है."
बाळूला कळेना. पाहुणा परत तेच म्हणाला.
मग बाळू पडला. सावकाश, गुडघा सांभाळत. दोन्ही खांदे मातीला.
शिट्ट्याच शिट्ट्या. वस्ताद तेवढे उठून गेले.
पाहुणा जेवायला थांबला नाही. पुण्याहून विमान.

११ डिसें.
पेपरात फोटो. "वज्रकेतूकडून पैलवान चीतपट." मी लिहितो त्याच पेपरात. उपसंपादकाचा फोन: "मस्त आलाय ना? तुमचेच बंधू."
संध्याकाळी वस्ताद. आत यायला तयार नाहीत. उंबऱ्यावरूनच: "इच्यारा त्याला, कुणी सांगितलं व्हतं का पडाय?"
बाळू आतून: "कुणी न्हाय. पाय घसरला."
"सलामीत?"
"व्हय."
"मग आता घरातच बस."
गेले. मी त्यांना हाक मारणार तर बाळूनं पुढं होऊन दार लावून घेतलं.

१४ डिसें.
तालमीकडं फिरकला नाही. फौंड्री आणि घर.
सदर लिहून काढलं, आजवरचं सगळ्यात विखारी. त्याचं वाक्य जसंच्या तसं, हिंदीत. बाळूला वाचून दाखवलं.
"छापू नगंस."
"वस्तादांना खरं कळू दे की."
"लोक त्यास्नी हसत्याल."
त्यास्नी. पाठ लागली ह्याची, तालीम सुटली ह्याची, आणि अब्रू जपायची वज्रकेतूची.

१७ डिसें., रवि.
सदर उद्या द्यायचंय.
सकाळी मोरीत पाणी भरत होतो. बाळू मागं येऊन उभा.
"दादा, तू लिव्हणारा माणूस. वज्रकेतूस्नी ठावं असंल का रं, पैलवानाची पाठ लागली म्हंजे काय ते?"
नसेल म्हणावं, तर हा त्याला माफ करून जन्मभर "पाय घसरला" सांगत बसणार. असेल म्हणावं, तर हा सदर छापू देईल, तालीम परत मिळेल, पण ह्याचा वज्रकेतू जाईल. पोरपणापासून ह्यानं दुसरं जवळ ठेवलंय काय?

"बादली भरली," म्हटलं. "नळ बंद कर."
केला. हलला मात्र नाही.