वरच्या शेतातला पुक्याचा वाटा

प्रिय फिनबार,

देव तुला आणि आपल्या गाईला धडधाकट ठेवो.

नात झाली! उकडलेल्या खेकड्यासारखी लालबुंद आहे, आणि नाक थेट तुझंच, बिचारी. बाळंतीण ऑर्ला सुखरूप आहे. मीही बरी आहे. पोरीला खांद्यावर घेऊन फिरून फिरून पाठ तेवढी मोडलीय, आणि या डब्लिनचा चहा म्हणजे नुसतं पाणी.

कोंबड्या अंडी देतात का? तुझ्या छातीतली कळ कशी आहे? तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणूनच विचारते. वरच्या शेतातलं ओटचं पीक एकटाच कापणार म्हणतोस. गेल्या वर्षी त्या चढावर छाती धरून बसला होतास, ते मी विसरले नाही.

दरवर्षी आपण शेवटची चार धाटं त्या पुक्या भुतासाठी उभी सोडतो, नाहीतर तो काळा घोडा होऊन येतो आणि माणसाला पाठीवर घेऊन काट्याकुट्यांतून उधळतो. यंदा त्याला ते सगळं शेतच देऊन टाक.

शेजारचा मर्टी टोमणा मारेलच, "काय रे म्हाताऱ्या, विळा जड झाला का?" त्याला सांग, "गोबनेटनं नातीच्या आनंदात पुक्याला जेवण घातलंय. तुला हिंमत असेल तर त्याच्या ताटातलं उचल."

ऑर्ला म्हणते, "आई, बाबा ऐकायचे नाहीत." मी म्हटलं, "माझं नाही ऐकणार, पण पुक्याच्या वाट्याला हात लावायची त्यांची छाती नाही."

तुझी, झोपेला आसुसलेली,
गोबनेट