तारेचा आकडा

अप्पा, तुमची बंदूक अजून घरात आहे आणि रानडुकरं अजून निंबोल्याच्या शिवारातल्या केळीत आहेत. बदललं ते माझं बोट.

बंदूक तुमच्यामागे माझ्या पोराच्या नावावर झाली. तिची काडतुसं तुमच्या वेळीच बाजारातून गेली होती. तुम्ही दुसऱ्या रायफलीच्या काडतुसांच्या लांब, रिकाम्या पितळी पुंगळ्या आणायचे, कापायचे, साच्यात दाबून आपल्या मापाच्या करायचे. मग स्वयंपाकघरातली परात लागायची. पुंगळ्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या, वरून फक्त गळ्याला आच. मी दुसरीतून शाळा सोडलेली, अक्कल तेवढीच. एक पुंगळी अख्खी चुलीत लाल केली, छान दिसत होती. तुम्ही ती हातोडीनं चपटी केली. "बूड नरम पडलं की ही डुकराकडे जात नाही, मारणाऱ्याच्या डोळ्यात येते," म्हणाले, आणि दिवसभर मला परातीजवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तारेचा आकडा करून दिला. वापरलेली पुंगळी परत परत भरली की आतून बुडाजवळ झिजते, बाहेरून काही दिसत नाही. आकडा आत फिरवला की खाच बोटाला लागते. लागली की बाद, शंका आली तरी बाद. लोक लेकीला पाटल्या देतात, तुम्ही तार दिली. पाटल्या कधीच मोडल्या असत्या, तार आहे.

आता काडतुसं पोरगा भरतो, भरायच्या आधी रिकाम्या पुंगळ्या तपासायला माझ्याकडे देतो. शुगरनं माझी बोटं मेली. शनवारा भागातल्या डॉक्टरला म्हटलं, टोच ना टाचणी. तो म्हणतो, आजी, टोचून झाली. घरी सांगितलं नाही. सांगितलं तर पोरगा स्वतः तपासेल, आणि त्याला भातातला खडा दाताखाली आल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी सगळ्याच बाद करते.

"आई, ही पण बाद?"

"बाद."

"तू आजकाल सगळ्यांनाच बाद करते. परवा भाजीवाल्याला केलं."

"तो पण आतून झिजलेलाच होता."

सून हसली. मी हातोडी मारली.

साचा पडून आहे, चालवणारा हात तुमच्याबरोबर गेला. आज पुंगळ्यांचा डबा रिकामा झाला. आता काडतुसांवाचून बंदूक ठाण्यात जमा होईल, केळी डुकरं खातील. पोराचा डोळा राहील, बाकी काही राहत नाही.

हा कागद पोराच्या हाती लागायला नको, पिठाच्या डब्याखाली ठेवते. शेवटची पुंगळी तुमच्या हातची होती, गळ्यावर तुमच्या कानशीची रेघ. ती चांगली होती की वाईट, मला माहीत नाही, अप्पा. मी आकडा आत घातलाच नव्हता.