सोयरिकीत आलेल्या सरकारी बोकडाची बदली करण्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
उपकार्यालय कावेता, किटुई

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : म्बूनी येथील शेळीपालक गटास आपण दिलेला दुभत्या जातीचा पैदाशीचा बोकड.

महोदय,

"मुलीच्या मागणीला द्यायच्या जनावरांत सरकारी बोकड चालतो का?" हे आपणास विचारून दाखव, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली आहे. पैज राहू द्या, पण उत्तर मला तातडीने हवे आहे, कारण सदर बोकड आत्ता आमच्या अंगणात आईची वाळत घातलेली ओढणी खात आहे.

१. माझी ताई कालुंडे हिचे लग्न म्बूनीत झाले. मुलाकडून दोन शेळ्या व एक बोकड आले की मुलगी त्यांची, हा आमचा रिवाज आपणास ठाऊक आहेच. ताईचे सासरे म्हणजे त्या गटाचे अध्यक्ष. त्यांचा स्वतःचा बोकड दुष्काळात मेला, म्हणून त्यांनी गटाचाच आणून बांधला. आम्ही म्हटले, काय दिलदार माणूस! बोकडाच्या कानाला लाल फडके बांधले होते. त्याखालचा सरकारी बिल्ला लग्नानंतर दिसला.

२. आता म्बूनीच्या बायका माजावर आलेल्या शेळ्या ओढत दोन टेकड्या ओलांडून आमच्या दारी येतात आणि विचारतात, "बाई गं, आहे का तो घरी?" जणू तो नोकरीला जातो. यंदा तिकडचा मका करपला आहे. पोरांच्या पोटात जाते ते शेळीचेच दूध. बोकड असा लांब राहिला तर तेही आटेल.

३. तरीही तो परत करता येत नाही. ते जनावर परत गेले की लग्न मोडले. बाबा म्हणतात, "बोकड परत म्हणजे पोरगी परत!" त्यावर बायका म्हणतात, "मग घ्या की पोरगी, आमचा बोकड सोडा!" ताई तिकडे सुखात आहे, तिला दिवस गेले आहेत, आणि हे ऐकून ती रडते. बोकड तेवढा जाड होत चालला आहे.

सबब विनंती, की लग्नाच्या दिवसापासून बोकडाची आमच्या गावी रीतसर बदली करावी व म्बूनीस दुसरा द्यावा. मास्तरांची बदली होते, मग याची का नाही?

आदेश येईपर्यंत शेळ्या थांबणार नाहीत. म्हणून काल जेवताना मी आईबाबांना सांगून टाकले, "दर शनिवारी मी बोकडाला घेऊन ताईकडे जाणार. परत करायला नाही, पाहुणा म्हणून. संध्याकाळी दोघेही घरी येऊ."

आपली नम्र, व शनिवारपासून बोकडाची सोबतीण,
सियोंबुआ मुलेई
माध्यमिक शाळा, दुसरे वर्ष
दि. ९ ऑक्टोबर

सोबत : कानातल्या बिल्ल्याचा कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा.